सात हजारांची पट्टी

आमच्या दुकानावर ‘चाळीस टक्के सूट’ हा फलक चढवतात तेव्हा शिडी धरायला दोन माणसं लागतात. मी आतून काचेतून बघत असते. सात वर्षं झाली, तरी तो फलक वर जाताना मला हातातली घडी पुरी करता येत नाही. आपलंच काहीतरी चुकलंय आणि आता ते सगळ्या अमरावतीला कळणार, असं वाटत राहतं.

या अंकाचं काम बघणाऱ्या ताई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. गेल्या सेलमध्ये त्या मला म्हणाल्या, “तुम्ही लिहा ना आमच्या अंकात. सेलमागचं खरं काय ते लोकांना कळू द्या.” मी म्हटलं, “ताई, मी आठवीत शाळा सोडलेली बाई. आणि खरं काय ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.” त्या म्हणाल्या, “मग तेच लिहा.” म्हणून लिहितेय. शुद्धलेखन त्या बघणार आहेत. दुकानाचं नाव घालत नाही. शेठजींनी नको म्हटलेलं नाही, पण मलाच धीर होत नाही.

मी मूळची कुडाळकडची. नवऱ्याला नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो. आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, इथली माणसं माझ्यावर चिडलेली आहेत. भाजीवाली विचारायची, “काय पाह्यजे वं तुले?” आणि मी घाबरून काही न घेताच परत यायचे. नंतर कळलं, ती प्रेमानंच विचारत होती.

त्या वेळी दोन माणसांनी मला उभं केलं. एक आमच्या घरमालकीणकाकू. निवृत्त अंगणवाडीसेविका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि त्यांची मुलगी प्रणाली. मागची खोली दाखवली. मी डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाल्या, “डिपॉझिट कायचं वं? तू का घर डोक्यावर घेऊन पळून जाशीन?” पहिल्या उन्हाळ्यात मी उन्हाची लू लागून पडले तेव्हा कैरीचं पन्हं करून वाटीवाटीनं त्यांनीच पाजलं. दुसरे आमचे शेठजी. कामासाठी गेले तर दाखला मागितला नाही. एक साडी उलगडून पुढ्यात टाकली आणि म्हणाले, “घडी करून दाखव, बेटा.” मी केली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “उद्यापासून ये.” आठवी शिकलेल्या, ओळखदेख नसलेल्या बाईला भर बाजारपेठेत असं कोण घेतं? आजही सकाळी दुकानात शिरताना मी गादीला हात लावून नमस्कार करते.

या दोघांच्या मध्येच मी अडकले, त्याची ही हकिगत आहे.

आधी कामाचं थोडं सांगते. साडीच्या दुकानात खालचा मजला विकणाऱ्यांचा. वरच्या मजल्यावर माल येतो, मोजला जातो आणि त्याला पट्ट्या लागतात. पट्टी म्हणजे किमतीचं ते पुठ्ठ्याचं लेबल, दोऱ्यानं साडीच्या काठाला अडकवलेलं. खाली आमच्यापर्यंत साडी येते ती पट्टी घेऊनच. त्यावर जे छापलंय तीच तिची किंमत, असं मी समजत होते. देवळात गेल्यावर नारळ कुठून आला हे आपण विचारतो का, तसंच. माझा दुकानातला पहिला सेल मी खालूनच पाहिला. लोक नुसते तुटून पडले होते. धामणगाव रेल्वे गावचा एक माणूस ‘दोनवर एक मोफत’ बघून आला आणि तिन्ही साड्या एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या मागू लागला. मी म्हटलं, “दादा, दुसरे रंग बघा की, छान आहेत.” तो हात जोडून म्हणाला, “नाई बाई. एक मायले, एक बायकोले, एक बहिणीले. रंग बदलला त मी घरात राह्यत नाई.” त्या दिवशी मला वाटलं, सेल म्हणजे पुण्याचंच काम आहे. गरीब माणसाला चांगली वस्तू स्वस्तात मिळते आणि ती आपल्या हातून जाते.

दुसऱ्या वर्षी प्रणालीचं लग्न ठरलं. मुलाकडचे अकोल्याचे. विहारात व्हायच्या विधीची पांढरी साडी आधीच घेऊन झाली होती. राहिला होता तो रिसेप्शनचा शालू आणि बाकीचा बस्ता, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून करायची लग्नाची कापडखरेदी. काकूंनी बस्त्यासाठी पंचवीस हजार बाजूला काढले होते. त्यात त्यांना सगळ्यांचं भागवायचं होतं.

डिसेंबरात एकदा काकू आणि प्रणाली सहज म्हणून दुकानात आल्या. प्रणालीची नजर एका शालूवर गेली आणि तिथंच राहिली. गडद वांगी रंग, काठाला बारीक बुट्टे. काकू मला म्हणाल्या, “कितीले हाये वं हा?”

मी पट्टी मुठीत झाकून धरली. तो क्षण मला अजून आठवतो. मला काय आनंद झाला होता! या बाईनं माझ्यासाठी इतकं केलं, आता मी तिच्यासाठी काहीतरी करणार होते. त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, “काकू, आत्ता भाव विचारूच नका. संक्रांत झाली की सेल लागतो. तेव्हा या. मी हा खाली दाबून ठेवते.”

“जवळजवळ निम्म्यात जमंन काय?”

“बघा तुम्ही,” मी म्हटलं.

काकूंनी घरी जाऊन अकोल्याला फोन केला. “आमची एक पोट्टी दुकानातच हाये, तिनं सांगतलं, थांबा म्हणून.” मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि ताठ झाले. ‘आमची पोट्टी’, म्हणजे आपली मुलगीच, म्हणाल्या होत्या त्या.

त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरची पट्ट्या लावणारी बाई बाळंतपणाला गेली. माझा हात जलद म्हणून शेठजींनी मला वर पाठवलं. जाताना एवढंच म्हणाले, “वरची गोष्ट वरच ठेवायची, बेटा. खाली आणली त मंग खाली पण काम नाही.” मी मान डोलावली. सेलच्या आधी दोन दिवस ‘माल तपासणी’ म्हणून दुकान बंद असतं. त्या दोन दिवसांत मला जे कळलं ते आता सांगते.

सेलमधला थोडा माल खरंच स्वस्त असतो. घडीवर रंग उडालेला, वर्षभर कोणी हात न लावलेला. तो शेठजी घेतल्या भावात, कधी त्याच्याही खाली सोडतात. तो घ्यावा. दुसरा माल सेलसाठीच सुरतेहून मागवलेला असतो. तो दुकानात आधी कधी नव्हताच, तर आधीची किंमत कुठली? हातात घेऊन चुरगाळला की फरक कळतो. आणि मग असतात चांगल्या, चालत्या साड्या. त्यांची जुनी पट्टी कात्रीनं कापायची आणि नवी लावायची. माझ्या हातात कात्री दिली होती ती यासाठीच.

चौथ्या की पाचव्या गठ्ठ्यात तो वांगी शालू आला. जुन्या पट्टीवर बेचाळीसशे. नवीन पट्टी मशीनमधून छापून पुढ्यात पडली, तिच्यावर सात हजार. मी हिशेबात कच्ची, म्हणून मोबाइलवर करून बघितलं. सात हजारांतून चाळीस टक्के वजा. बेचाळीसशे. पुन्हा केलं. बेचाळीसशेच.

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. आम्हा कामगारांना आमच्या घरच्यांसाठी वर्षभर पंधरा टक्के सूट असते. काकूंना मी ‘घरच्या’ सांगितलं असतं तर शेठजी नाही म्हणाले नसते. म्हणजे डिसेंबरात तो शालू काकूंना साडेतीन हजारांच्या थोडा वर पडला असता, फॉल-पिको फुकट, आणि नाही आवडला तर बदलूनही मिळाला असता. सेलमध्ये कामगारांची सूट बंद, फॉल-पिकोचे वेगळे पैसे, आणि बदलून मिळत नाही. मी उपकार फेडायला गेले आणि त्यांचे सहाशे तीस रुपये घालवून बसले. वर अकोल्याला फोन झालेला, बस्त्याचा दिवस सेलमधलाच ठरलेला.

मी शालू घेऊन शेठजींकडे गेले. काय बोलणार होते ते ठरलेलं नव्हतं. म्हटलं, “शेठजी, हा सेलच्या आधी पण बेचाळीसशेचाच होता.”

ते रागावले नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणाले, “बैठ. हा मले सव्वीसशेला पडला. वरचे किती?”

“सोळाशे.”

“सोळाशे शेठच्या खिशात, असं वाटून राहिलं न तुले? यातून दुकानाचं भाडं दे. लाइटचं बिल दे. तुम्हा बारा जणांचे पगार दे. सुरतेचं भाडं, पिशवी, कार्डाच्या मशीनवाल्याचं कमिशन. अन् दहातल्या दोन साड्या कोणीच नेत नाही, त्यांचं ओझं बाकीच्या आठांवर. शेवटी उरले दोन-अडीचशे त हनुमानाले नारळ फोडतो मी.”

“मग बेचाळीसशेच लिहायचे ना सरळ.”

“एक साल लिहिले होते. बोर्ड लावला, ‘एकच भाव, वाजवी भाव’. लोकं आले, पंख्याची हवा खाल्ली, थंड पाणी पेले, अन् समोरच्या दुकानात जाऊन खरेदी केली. तिथी पन्नास टक्के होते. बेटा, गिऱ्हाईकाले वाटलं पाह्यजे की आज दुकानदार हरला. मंगच तो पैसे काढते.”

मी शालूची घडी घातली. त्या सोळाशेत माझा पगार होता. आमचं खोलीचं भाडं, आईला कुडाळला पाठवते ते पैसे, सगळं त्यातलंच. मग खोटं कुठं सुरू होतं? पट्टीवर? की काकू थांबल्या तिथं? की मी मूठ झाकली तिथं? मी विचार करत राहिले आणि पट्ट्या लावत राहिले. हात थांबले नाहीत, हे खरं सांगते.

दोन दिवस मी काकूंना तोंड चुकवलं. सांगावं तर वरची गोष्ट खाली जाते, नोकरी जाते. न सांगावं तर ज्या घरात राहते त्या घराला फसवलं. नवरा म्हणाला, “गप बस. त्यांना कसं कळणार आहे?” तेच तर वाईट होतं. त्यांना कधीच कळलं नसतं. बिल हातात घेऊन त्या मलाच दुवा देत बसल्या असत्या.

रविवारी सकाळी काकू अंगणात उन्हाला बसून हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. मी शेजारी बसले, चार काड्या खुडल्या आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मध्येच रडायला आलं, म्हणून काही गोष्टी दोनदा सांगितल्या. काकूंचा हात थांबला नाही.

“म्हंजे तू मले थांबवलं नसतं त सहाशे तीस वाचले असते?”

“हो.”

“अन् फॉल-पिको?”

“ते वेगळं, काकू.”

“लय हुशार हायेस वं तू,” त्या म्हणाल्या. खोली सोडायला सांगतील असं वाटलं. कुठल्या पिशवीत काय भरायचं इथवर मी मनात गेले होते.

मग त्यांनी विचारलं, “पट्टीवर किती हायेत म्हणतेस?”

“सात हजार.”

“छापील?”

“हो, छापील.”

काकूंनी भाजीचं सूप बाजूला ठेवलं. “मंग ते पट्टी काढू नको शालूची. तशीच राहू दे.”

मला काही कळेना. त्यांनी समजावलं तेही कुणा लहान मुलीला समजवावं तसं. अकोल्याच्या विहीणबाईंची थोरली सून आली तेव्हा तिच्या माहेरचा शालू सहा हजारांचा होता. ते साऱ्या नात्यात अजून सांगतात. “माही पोट्टी त्या घरात सहाच्या खालचा शालू नेसून गेली न, त हयातभर ऐकंन. मी सात कुठून आणू? पंचवीसमधी साऱ्यायचं भागवायचं हाये मले. बेचाळीसशे मी देतो, पट्टी तुह्या शेठले देऊ दे.”

“पण काकू, ते खोटं आहे.”

“मंग सहाशे तीस तू दे,” काकू म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू येईना. मी खरं सांगायला आले होते आणि जाताना खोटं राखायचं काम घेऊन निघाले.

बस्त्याच्या दिवशी सेलच्या गर्दीसाठी मला खाली बोलावलं होतं. दोन्हीकडचे मिळून नऊ जण आले. विहीणबाई उंच, करड्या आवाजाच्या. आल्या आल्या म्हणाल्या, “चाळीसच काय? अकोल्यात पन्नास लागले हायेत.” शालू उलगडला तसा त्यांनी आधी काठ पाहिला, मग उलटी बाजू पाहिली, मग पट्टी. पट्टी चष्मा लावून वाचली. आणि एकदम माझा हात धरला.

“बाई, तुमी इथल्या नाही न? बोलण्यावरून वाटते.”

“नाही. कोकणातली.”

“तेच म्हणतो मी. बाहेरचं माणूस कायले खोटं बोलंन? खरं सांगा, सात हजाराचाच हाये का हा? का सेलसाठी वाढवून लिहून देल्लं?”

त्यांनी नेमकं विचारलं होतं. इतकी वर्षं झाली, इतक्या नेमक्या शब्दांत दुसऱ्या कोणीही विचारलेलं नाही. प्रणाली शालूकडे बघत होती. काकू पंख्याकडे बघत होत्या. शेठजी गल्ल्यावरून माझ्याकडे.

आता हो म्हटलं तर मी शेठजींची राहते. नाही म्हटलं तर काकूंनी सांगितलेलं बुडतं. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांना एकच उत्तर हवं होतं, आणि ते खोटं होतं. मला वाटलं होतं, दोघांपैकी एकाला दुखवावं लागेल आणि त्याची मी तयारी केली होती. कुणालाच दुखवायचं नाही, याची तयारी नव्हती.

“सात हजारांचाच आहे,” मी म्हटलं. “आम्ही डिसेंबरात सातलाच विकत होतो.”

डिसेंबराचं कोणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

विहीणबाईंनी हात सोडला. “घ्या मंग,” त्या म्हणाल्या, “चांगला हाये.” काकूंनी डोळे मिटून एकदा श्वास सोडला. बस्ता पंचवीस हजारांच्या आत बसला. शालूची पट्टी तशीच ठेवून मी पिशवीत घातली, आणि लग्नात ती काठाला लटकलेली अर्ध्या अकोल्यानं पाहिली असं प्रणालीनं मागाहून सांगितलं.

संध्याकाळी शेठजींनी मला बोलावलं. “आजपासून तू वरच बस. ती बाळंतपणावरून आली त तिले खाली पाठवू. पगारात पाचशे वाढवतो.” मी थँक्यू म्हटलं. मनापासून म्हटलं. घरी आले तर काकूंनी गोडाचा शिरा करून ठेवला होता. दोघांनाही मी त्या दिवशी फार आवडले होते. मी शिरा खाल्ला आणि मला कळेना की मी कोणाला फसवलंय. विहीणबाईंना म्हणावं, तर त्यांना साडी चांगलीच मिळाली आणि सुनेचा मानही राखला गेला. काकूंना म्हणावं, तर त्यांनीच सांगितलेलं. मग हे मनात काय टोचत राहतं?

अजून मी वरच्या मजल्यावर बसते. सेलच्या गर्दीत तेवढं खाली यावं लागतं. या वर्षी संक्रांतीनंतर अशीच खाली उभी होते तर दारातून विहीणबाई आल्या. एकट्या, अकोल्याहून एसटीनं, हातात कापडी पिशवी. मला शोधतच आल्या होत्या.

“धाकट्या पोरीचं जमलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, शालू घ्याचा त तुमच्याच हातून. तिथी अकोल्यात सारे खोटं बोलतेत. तुमी त्या वक्ती खरं सांगतलं होतं, ध्यानात हाये माह्या.”

त्यांनी एक हिरवा शालू पसंत केला. आठ हजारांची पट्टी. त्याची जुनी, अठ्ठेचाळीसशेची पट्टी मी माझ्या हातानं चार दिवसांपूर्वी कापली होती आणि सेल संपला की तोच भाव परत लागणार होता. मी इकडेतिकडे पाहिलं. शेठजी फोनवर होते. मी विहीणबाईंच्या जवळ सरकले आणि हळूच म्हटलं, “आत्ता घेऊ नका. सेल संपला की या. मी माझ्या नावावर पंधरा टक्के सूट काढून देते. फॉल-पिको फुकट.”

त्यांनी शालू खाली ठेवला.

“पंधरा?”

“हो. तुम्हाला त्यातच फायदा आहे. माझं ऐका.”

“बाहेर चाळीस लिहिले हायेत. साऱ्यायले चाळीस, अन् मले पंधरा?” त्यांचा आवाज चढला. “काहून? इहीण म्हणून आली त मले येडी समजून राहिल्या काय? अवं, तुमी तशा नव्हत्या. दुकानात राहून तुमीबी याह्यच्यासारख्याच झाल्या.”

“नाही हो, तसं नाही. आधीची किंमत...” पण पुढचं मला बोलता येईना. आधीची किंमत सांगितली तर काकूंचा शालू उघडा पडत होता. त्या घरात प्रणाली आज धाकट्या नणंदेच्या लग्नाची तयारी करतेय.

विहीणबाईंनी पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेल्या. तिथं पन्नासचा फलक होता.

शेठजींनी फोन ठेवला. “काहून गेली वं बाई? चांगली बसली होती.”

“रंग पसंत पडला नाही म्हणाल्या,” मी म्हटलं.